सात नंबरचा दगड

लालासाहेब निकमांचा आयुष्यात एकाच गोष्टीवर पुरता विश्वास होता, आणि ती गोष्ट म्हणजे कुलूप. बाकी माणसं, एस्टीचं वेळापत्रक, डॉक्टरची सुई, दुकानदाराचा तराजू, सगळं त्यांच्या लेखी चौकशीवर होतं. डॉक्टरनं सुई भरायला घेतली की हे बाटली मागून घेत आणि तिच्यावरली तारीख खिडकीच्या उजेडात वाचत. पलूसहून गावाला येणाऱ्या गाडीवर गेली सहा वर्षं तोच ड्रायव्हर होता, तरी पायरीवर पाय ठेवण्याआधी 'गाडी आपल्याकडंच जाती न्हवं?' असं विचारल्याशिवाय ते चढत नसत. एकदा तो वैतागून 'न्हाई' म्हणाला, तर हे खरोखर मागं फिरले आणि चार मैल चालत गावात आले. पाय दुखले, पण तोंडावर समाधान होतं. ड्रायव्हर खोटं बोलू शकतो, हे अखेर सिद्ध झालं होतं.

गाव त्यांना मेजर म्हणायचं. खरं तर ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. 'मेजर' या हाकेत थट्टा आहे, असा त्यांना पहिल्यापासून संशय होता. हा एक संशय मात्र बरोबर होता.

१९८९ साली ते किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावर उतरले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक वळकटी, बायकोसाठी, म्हणजे अंबूबाईंसाठी, एक शाल आणि एक काळी लोखंडी ट्रंक होती. ट्रंक उचलायला दोन माणसं लागली, आणि बैलगाडीत चढवताना तिसऱ्यानं हात दिला. गाडी गावात पोचायच्या आधी बातमी पोचली की मेजरानं सोनं आणलंय. दोन दिवसांनी सोन्याची काडतुसं झाली, आणि आठवड्यात काडतुसांच्या हिमालयातल्या देवळांतनं पळवलेल्या मूर्ती झाल्या. शेवटची बातमी टिकली, कारण ती वीरधवलनं उचलून धरली. वीरधवल हा लालासाहेबांच्या थोरल्या भावाचा मुलगा. पांढरीशुभ्र विजार, बुडाखाली एम-एटी मोपेड, आणि उद्योग म्हणाल तर तालुक्यातल्या पुढाऱ्यांच्या मागंपुढं करणं. तो आला की मुद्दाम ट्रंकेवर बसायचा आणि टाचेनं तिच्या पत्र्यावर ठोके द्यायचा.

"तात्या, खरं सांगा, काय हाय ह्यात?"

"दगड."

"दगडाला कुणी कुलूप लावतं व्हय?"

यावर लालासाहेब फक्त कुलूप ओढून बघायचे. वाईट इतकंच, की लालासाहेब पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते. माणूस खोटं बोलला तर गाव एकदाच संशय घेतं, खरं बोलला तर रोज घेतं.

ट्रंकेत दगडच होते. मोजून एकोणीस.

ते आले कुठून, त्याची कथा अशी. ऐंशी-एक्क्याऐंशी साली लालासाहेबांची तुकडी हिमाचलातल्या स्पितीत, पिन नदीच्या बाजूला एका पुलाच्या कामावर होती. झाड औषधालाही नाही, नुसते उघडेबोडके डोंगर. एकदा दगड फोडताना फळीसारख्या एका चपट्या दगडाच्या पोटात त्यांना किडा दिसला. पाठीवर उभ्या दोन खाचा, त्यामुळं अंगाचे तीन पट्टे पडलेले, आणि आडव्या सांध्यांची रांग. कुणीतरी हे कोरून ठेवलंय, असं त्यांच्या मनात आलं. मग संशय आला की कोरणारा इथं दगडाच्या आत शिरला कसा. दोन दिवस ते त्या दगडाकडं गुन्हेगाराकडं बघावं तसे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या तळावर दगडांचा अभ्यास करणारे एक म्हातारे साहेब आले. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि सांगितलं की हा ट्रायलोबाइट. इथं पन्नास कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता आणि हा त्याच्या तळाशी हिंडायचा. सबंध जातच्या जात पुढं नाहीशी झाली. साहेबांनी सांधे कसे मोजायचे, डोकं कुठलं, शेपूट कुठली, डोळ्याच्या कडेनं जाणारी शिवण कशी बघायची, ते शिकवलं. आणि जाताना एक सांगून गेले: दगड मिळाला की आधी त्याच्यावर नंबर टाक, वहीत तारीख आणि जागा लिही. वरच्या कड्यातनं स्वतः काढला की खाली ओढ्यात वाहून आलेला मिळाला, तेही लिही. ज्या दगडाची जागा ठाऊक नाही, तो नुसता दगड.

लालासाहेबांना हे फार पटलं. जगात प्रत्येक वस्तूवर नंबर आणि तारीख असावी, हे त्यांचं जुनंच मत होतं. दवाखान्याच्या तंबूतनं त्यांनी चिकटपट्टीचं एक रीळ मिळवलं. पट्टी दातानं तोडायची, कॉपिंग पेन्सिल घेऊन तिच्यावर आकडा लिहायचा, दगडाच्या पाठीमागं चिकटवायची, आणि त्याच पेन्सिलीनं वहीत नोंद करायची: नंबर, तारीख, जागा, दगडाचा रंग, सांधे. दोन उन्हाळ्यांत एकोणीस झाले. त्यात सात नंबरचा त्यांचा जीव की प्राण. करडा दगड, तळहाताएवढा, डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा प्राणी, सांधे तेरा, आणि तो त्यांनी स्वतः कड्याच्या थरातनं छिन्नीनं काढलेला.

पुढची आठ वर्षं ट्रंक त्यांच्या बदल्यांबरोबर फिरली आणि मग गावात येऊन माजघरात बसली. गावात त्यांना दगडांचा नाद आहे असं पसरल्यावर लोक विहिरी खणताना निघालेल्या पांढऱ्या गारगोट्या आणून देत. "मेजर, ह्यात किडं हायत का बघा." ते भिंग लावून इमानदारीनं बघत आणि सांगत की आपल्याकडचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यात जिवाला जागा कुठली. माणूस गारगोटी घेऊन परत जाताना मनात म्हणायचा, म्हातारा चांगला माल दाबून ठेवतोय.

पंच्याण्णव साली त्यांनी साठी गाठली आणि पहिल्यांदा वाटलं की आपल्यामागं या ट्रंकेचं काय. वीरधवल ती तोडील, आत मूर्ती नाहीत म्हटल्यावर दगड बांधाला टाकील. म्हणून श्रावणात त्यांनी सांगलीच्या एका कॉलेजला पत्र लिहिलं. मागणी एकच: दगड फुकट घ्या, काचेच्या कपाटात ठेवा, प्रत्येकाखाली चिठ्ठी लावा, आणि चिठ्ठीवर जागेच्या खाली 'मिळवणार: हवालदार लालासाहेब निकम' एवढं लिहा. आपण पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतो, हे कुठंतरी कागदावर, काचेच्या आत असावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

उत्तर भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या ज्ञानदा थत्ते यांच्याकडून आलं. बाई मूळच्या वाईच्या, वय पस्तिसाच्या आतबाहेर. पत्रात आभार एका ओळीत होते आणि प्रश्न सात होते. दगड विकत घेतलेत का? कुणी दिलेत का? नोंदी त्याच वेळी केल्या की नंतर? नोंदी करणारा दुसरा कुणी होता का? लालासाहेबांनी पत्र तीनदा वाचलं. इतका चांगला संशय घेणारं माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होतं. बाई दसऱ्यानंतर स्वतः येऊन बघणार होत्या.

त्या आनंदात त्यांनी एक चूक केली. सहा वर्षांत कधी केली नव्हती ती. अंबूबाईंना ओसरीवर बसवून, ट्रंक उघडून, एकेक दगड हातात देऊन सगळं समजावलं. हे दगड नव्हेत, हे जीव आहेत. जिवंत होते, मेले, गाळात गाडले गेले, त्यांचा दगड झाला. अंबूबाई मन लावून ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजे ही मेलेली जनावरं हायत?"

"पन्नास कोटी वर्सांखाली मेल्याली."

अंबूबाईंनी हातातला दगड खाली ठेवला आणि त्या हात धुवायला उठल्या. लालासाहेबांना वाटलं, आकडा ऐकून दडपली.

भाद्रपद संपत आला तेव्हा ते चार दिवस साताऱ्याला लेकीकडं, संयोगिताकडं गेले. नेमक्या त्याच आठवड्यात देशभर गणपती दूध पिऊ लागले. साताऱ्यात देवळासमोर रांग लागली, आणि संयोगिताच्या आग्रहानं लालासाहेबही चमचा घेऊन उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी चमचा लावला आणि लगेच मूर्तीच्या मागं वाकून पाहिलं, मग खाली पाहिलं, मग पाटाखाली बोट घालून पाहिलं. बोट ओलं झालं. त्यांनी ते बोट पुजाऱ्याला दाखवलं. मागच्या लोकांनी त्यांना बाजूला काढलं, पण ते खूश होते. सबंध देशाचं दूध कुठं जातंय ते एकट्या त्यांनी शोधलं होतं.

दसरा झाला आणि ज्ञानदाबाई आल्या. खांद्याला झोळी, झोळीत भिंग, टेप आणि स्वतःच्या दोन वह्या. चहा त्यांनी आधी नको म्हटला, त्यामुळं लालासाहेबांचं मत आणखी चांगलं झालं. वीरधवलही कुठूनतरी कळून येऊन दाराशी उभा राहिला होता. लालासाहेबांनी करदोट्याची किल्ली काढली, कुलूप तपासलं, उघडलं आणि सर्वांत वरचा, अख्खा, करडा दगड दोन्ही हातांनी बाईंच्या हातात दिला.

"ह्यो सात नंबर."

बाईंनी दगड उलटा केला. पट्टीवर चौदा लिहिलं होतं.

त्यांनी वहीत चौदा काढलं. वहीत होतं: काळी फळी, फक्त शेपूट. त्यांनी दुसरा दगड घेतला. पट्टीवर तीन. वहीत तीनला सांधे अकरा, दगडावर सांधेच नाहीत, नुसतं डोकं. तिसरा, चौथा, पाचवा. एकाचा मेळ दुसऱ्याला नाही. दोन दगडांना तर पट्टीच नव्हती. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पट्ट्यांवरचे आकडे गडद जांभळे होते, ठळक, जणू काल लिहिलेले. वहीतले आकडे मात्र फिकट राखाडी.

बाई बराच वेळ भिंगातनं बघत राहिल्या. मग वही मिटून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "हवालदारसाहेब, हे आकडे केव्हा लिहिलेत?"

"ऐंशी-एक्क्याऐंशी साली."

"या शाईला पंधरा वर्षं झालेली दिसत नाहीत."

लालासाहेबांनी पट्टी डोळ्यांजवळ धरली. आकडे त्यांच्या हातचे होते, पण रंग त्यांचा नव्हता. बाईंनी आणखी काही विचारलं नाही. दगड खोटे नाहीत, असं त्या म्हणाल्या. बाजारात असे दगड मिळतात, पर्यटक घेतात, त्यात गैर काही नाही. पण जागेचा भरवसा नसेल तर कॉलेजला त्यांचा उपयोग नाही. त्यांनी चारच्या गाडीची वेळ विचारली. दाराशी वीरधवल हसून म्हणाला, "तात्या, दगड त्ये दगड, आन् त्येबी बाजारचं." गावानं सहा वर्षं घेतलेली मूर्तीची शंका एका वाक्यात स्वस्त झाली.

त्या दिवसापासून लालासाहेबांनी सगळ्या गावाची चौकशी उघडली.

पहिला वीरधवल. त्यानं मूर्ती शोधायला ट्रंक उघडली, दगड सापडले, रागानं चिठ्ठ्या उलटसुलट केल्या. त्यांनी त्याच्या एम-एटीच्या डिकीतला पाना नेऊन कुलपाला लावून पाहिला. कुलपावर ओरखडा नव्हता. दुसरा पोस्टमन कोंडीबा. बाईंचं पत्र यानंच आणलं होतं, पाकिटाचा डिंक एका कोपऱ्यात सुटलेला होता. त्यांनी कोंडीबाला पारावर गाठून आडवळणानं विचारलं की ट्रायलोबाइट म्हणजे काय असतं रं. कोंडीबा म्हणाला, नव्या मोपेडचं नाव असेल. हा डाव असू शकतो म्हणून त्यांनी त्याला आठवडाभर यादीत ठेवला. तिसऱ्या खुद्द थत्तेबाई. चांगला माल आधी खोटा ठरवायचा आणि मग कुणीतरी पाठवून उचलायचा, अशी रीत त्यांनी ऐकली होती. पण बाई येण्याआधीच पट्ट्या बदललेल्या होत्या, म्हणून त्यांना नाइलाजानं सोडून द्यावं लागलं.

जांभळ्या रंगाचा उलगडा मात्र झाला. एका सकाळी हिशेबाला बसताना टोक उमटेना म्हणून त्यांनी कॉपिंग पेन्सिल जिभेला लावली आणि थांबले. ही पेन्सिल कोरडी असताना राखाडी उमटते, ओली झाली की जांभळी. आकडे नवे नव्हते. जुनेच होते, पण त्यांना पाणी लागलं होतं. कुलपाच्या आतल्या दगडांना पाणी कुणी लावावं?

त्यांनी फौजेतला उपाय केला. चुलीतली राख चाळून ट्रंकेभोवती दोन बोटं जाडीनं पसरली. जो येईल त्याचं पाऊल उमटेल. अंबूबाई म्हणाल्या, "आवं, म्यां कालच सारवलंय." त्यांनी ऐकलं नाही. दोन दिवस राख तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी तिच्यावर पाऊल नाही, पण दोऱ्यासारखी एक बारीक रेघ उमटली. लालासाहेब गुडघ्यांवर बसले. तांबड्या मुंग्यांची ओळ भिंतीतनं निघून ट्रंकेच्या फटीत शिरत होती आणि तोंडात पांढरे कण घेऊन परत येत होती.

दगडात मुंगीला काय खायला मिळावं?

त्यांनी कुलूप काढलं. मुंग्या पट्ट्यांच्या कडेला लागल्या होत्या. एका पट्टीखाली त्यांनी नख घातलं. औषधाच्या चिकटपट्टीचा मूळचा डिंक कुठंच नव्हता. खाली वाळलेली पांढरी खळ होती. त्यांनी ती जिभेवर घेतली. शाळूच्या पिठाची खळ, आणि तिच्यात हळदीची किंचित चव. अशी खळ त्यांच्या घरात एकच माणूस करायचं. दरवर्षी घटाच्या आधी देव्हाऱ्यामागं कागद लावायला.

अंबूबाई घरामागच्या परड्यात शेंगा फोडत होत्या. लालासाहेब ती पट्टी हातात घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. अंबूबाईंनी पट्टीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं, आणि शेंगा फोडायच्या थांबवल्या नाहीत.

"तू उघाडली ट्रंक?"

"व्हय."

"किल्ली माझ्या कंबरंला हाय."

"कुलपाला दोन किल्ल्या असत्यात. दुसरी तुमीच दिली न्हवं, आल्या-आल्या. सांभाळ म्हणाला. सांभाळली."

लालासाहेब खाली बसले. सहा वर्षं त्यांनी वीरधवलच्या टाचेवर नजर ठेवली होती, आणि दुसरी किल्ली देव्हाऱ्याच्या कोनाड्यात, हळदीच्या डबीखाली पडून होती. आणि ती तिथं ठेवायला देणारे ते स्वतः.

मग अंबूबाईंनी सगळं सांगितलं. घट बसायच्या आधी घरातली चिंधीसुद्धा धुवून घ्यायची असते, हे काही नवीन नाही. वाकळा, भांडी, पाट, सगळं कालव्यावर जातं. इतकी वर्षं ट्रंकेला त्या हात लावत नव्हत्या, कारण दगड म्हणजे दगड. पण यंदा मालकांनीच सांगितलं की ही मेलेली जनावरं आहेत.

"एकोणीस मढी घरात, आन् त्येच्या शेजारी म्यां घट बसवायचा?" अंबूबाई म्हणाल्या. "तुमी साताऱ्याला गेला, म्हटलं बरं झालं. दगड कालव्यावर न्हेलं, नारळाच्या शेंडीनं घासलं, गोमूत्र शिंपडलं. चिठ्ठ्या निघाल्या त्या पदरात धरल्या. दोन वाहून गेल्या."

"आन् परत कशा लावल्यास?"

"मला काय वाचता येतंय? बारक्या चिठ्ठ्या बारक्या दगडास्नी लावल्या, मोठ्या मोठ्यास्नी. नीटनेटकं दिसत हुतं."

लालासाहेबांनी विचारलं की बाई आली, सगळं इतकं झालं, तेव्हा का नाही बोललीस. अंबूबाईंच्या हातातली शेंग तेवढी थांबली. "तुमी वीरधवलवर संशय घेतला, कोंडीबावर घेतला, त्या शिकलेल्या बाईवर घेतला. माझ्यावर तेवढा घेतला न्हाई. ते मोडावं वाटंना."

लालासाहेबांनी पट्टी खिशात घातली. चौकशी संपली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या पट्ट्या वाफेवर सोडवल्या आणि दगड उन्हात मांडले. तेव्हा दिसलं की प्रत्येक दगडाच्या पाठीवर, जिथं पंधरा वर्षं पट्टी होती, तिथं फिकट ठिगळ आहे. नारळाच्या शेंडीनंही ते गेलं नव्हतं. आणि प्रत्येक पट्टी त्यांनी दातानं तोडलेली होती, त्यामुळं एकीची कड दुसरीसारखी नव्हती. पण त्यांनी कुठलीच पट्टी ठिगळावर लावून पाहिली नाही. स्वतः जुळवून नेल्या तर बाई म्हणतील जुळवून आणल्या. पट्ट्या एका पाकिटात घातल्या, पाकिटावर अंबूबाईंचा अंगठा घेतला, आणि दोघं ट्रंक घेऊन सांगलीच्या गाडीत बसले. अंबूबाईंना न्यायचं कारण त्यांनी 'साक्षीदार' असं सांगितलं. ड्रायव्हरला गाडी सांगलीलाच जाते ना हे विचारलं. सांगलीच्या वेशीवरचं माधवनगर मागं पडलं तेव्हा त्यांना ते खरं वाटलं.

ज्ञानदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी कॉपिंग पेन्सिल मागून घेतली, कागदावर रेघ ओढली, पाण्याचं बोट फिरवलं आणि रंग पालटताना पाहिला. मग पाकीट फोडलं. पहिली पट्टी त्यांनी एका ठिगळावर धरली, दुसऱ्यावर धरली, आणि पाच-सहा दगड बघून झाल्यावर पुढच्यावर ती अशी बसली की दाताची प्रत्येक खाच कडेला टेकली. आकडा तीन. वहीत: सांधे अकरा. दगडावर सांधे अकरा. बाईंनी मान वर केली नाही, पण हात जरा भरभर चालू लागला. दुपारपर्यंत सतरा पट्ट्या आपापल्या घरी गेल्या आणि सतराही वहीशी जमल्या. सांधे, शेपटीची लांबी, डोळ्याच्या कडेची शिवण बघून बाई एकेकाचं कूळ सांगत होत्या. जिथं खात्री नव्हती तिथं सरळ 'ठरवायचे आहे' असं लिहीत होत्या.

उरले दोन दगड. दोन्ही करडे, दोन्ही अख्खे, दोन्हींना तेरा सांधे. वहीतही उरले दोनच, सात आणि बारा. सात कड्याच्या थरातनं स्वतः काढलेला. बारा खाली ओढ्यात मिळालेला. आणि दोघांच्या चिठ्ठ्या कालव्यातनं कृष्णेला गेलेल्या.

बाईंनी मोठा दगड उचलला. तो इतर सगळ्यांपेक्षा देखणा होता. त्या म्हणाल्या, हा थरातला असेल तर याचं मोल वेगळं. त्या थराचं वय, शेजारचे जीव, सगळं यावरनं बोलता येईल. ओढ्यातला असेल तर नुसता सुंदर दगड.

"सतरा जमलेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या शब्दावर मी हा सात म्हणून लिहायला तयार आहे. सांगा."

लालासाहेबांनी दगड हातात घेतला. पंधरा वर्षं तो त्यांना सात म्हणूनच माहीत होता. झोपेतही त्यांनी तो हातानं ओळखला असता. अंबूबाई त्यांच्याकडं बघत होत्या.

"ह्यो सातच हाय," ते म्हणाले. "पर तसं ल्हिऊ नका, बाई."

"का?"

"दुसरा कुणी ह्या खुर्चीत बसून मला म्हणला असता की मला आठवतंय, माझ्यावर इस्वास ठेवा... तर म्यां ठेवला नसता."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, दोन्हींवर सारखाच मजकूर: 'नंबर सात किंवा बारा. नेमकी जागा अनिश्चित.' आणि खाली एकोणीसच्या एकोणीस चिठ्ठ्यांवर लिहिलं तसंच, 'मिळवणार: हवालदार लालासाहेब निकम.' लालासाहेबांनी चिठ्ठी वाचली. नाव बरोबर होतं, हुद्दा बरोबर होता. त्यांनी दुसऱ्यांदा वाचली, आणि खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला, जरी तो स्वच्छ होता.

मोठा दगड कपाटात ठेवण्याआधी बाईंनी अंबूबाईंना भिंगातनं दाखवला. डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा दिसत असला, तरी डोक्याच्या दोन्ही बाजूंचे गाल इथं सुटून गेलेत, पाहा. हे जनावर वाढताना साप टाकतो तशी कात टाकायचं. गाल सुटायचे आणि ते पुढून बाहेर निघून जायचं. हा बहुतेक मेलेला प्राणी नव्हेच. ही त्याची टाकलेली कात.

अंबूबाईंनी भिंग खाली ठेवलं. "म्हंजे मेल्यालं न्हवतंच की ह्ये." त्या नवऱ्याकडं वळल्या. "आवं, आदी नीट सांगायचं. म्यां उगंच धुतलं."

लालासाहेबांचं लक्ष दुसरीकडं होतं. शिपायानं कपाटाची काच सरकवली होती आणि तो कुलूप लावत होता. लालासाहेब पुढं झाले. कुलूप दोनदा ओढून बघितलं. पक्कं होतं.

"बाई," त्यांनी विचारलं, "ह्येची दुसरी किल्ली कुणाकडं असती?"